एका वाड्यातली बिऱ्हाडं

कॉलेजात मानसशास्त्र शिकवत असताना आठवड्यातून दोन दुपारी मी समुपदेशनासाठी बसत असे. ग्रंथालयाच्या मागची लहानशी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कायम कुरकुरणारा पंखा. तिथे येणाऱ्या मुलामुलींची दुखणी साधारण ठरलेली असत. परीक्षेची धास्ती, घरातली भांडणं, फिसकटलेलं प्रेम. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी समोर बसून अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, आम्ही तिघी आहोत," तेव्हा मी दाराकडे पाहिलं. मला वाटलं, हिच्या दोन मैत्रिणी बाहेर उभ्या असतील.

बाहेर कुणीच नव्हतं.

हळूहळू ती सांगू लागली. एक थोरली. खोलीचं भाडं, मेसचा हिशेब, घरमालकिणीशी बोलणं हे सगळं तिच्याकडे. एक मधली. अभ्यास तिचा, वर्गात बसायची तीच. आणि एक धाकटी. ती फारशी पुढे येत नसे. तिघींची मिळून एक वही होती. त्यात एकमेकींसाठी निरोप लिहिलेले असत. 'डबा खाल्लेला आहे, पुन्हा खाऊ नकोस.' 'काकूंशी मी भांडले, संध्याकाळी सांभाळून घे.' तीन अक्षरं मला वेगवेगळी दिसली, पण ते सोंग नव्हतं. एकीने दिलेला शब्द तिघींनी पाळायचा, असा त्यांचा नियम होता. मी पाहिलेल्या बऱ्याच एकत्र कुटुंबांपेक्षा तो कारभार नेटका होता.

दुखणं होतं ते धाकटीचं. तिला घराची आठवण येई. हे घर म्हणजे मुलीचं यवतमाळकडचं घर नव्हे. ते होतं समुद्रातल्या एका खडकावरचं दीपगृह. गोल जिना, रॉकेलचा वास, दिव्याच्या काचा पुसायचं फडकं, वादळाच्या रात्री वर गेलेले आणि सकाळपर्यंत खाली न आलेले वडील. हे सगळं तिला आठवे आणि आठवलं की ती रडे. त्या मुलीने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

मी काय केलं? मी शोध घेतला. जिल्हा ग्रंथालयाच्या बालविभागात मला एक जुनी अनुवादित कादंबरी सापडली. त्यात खडक होता, दीपगृह होतं, वडील होते. पुढच्या भेटीत मी ते पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विजयी मुद्रेने म्हटलं, "हे बघ. लहानपणी कधीतरी वाचलेलं असणार." तिने पानं चाळली, पुस्तक मिटलं, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि गेली. पुन्हा ती त्या खोलीत आली नाही.

श्रोतेहो, त्या पुस्तकाबद्दल आणि त्याआधी शंभर वर्षांपूर्वी सापडलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाबद्दल मला आज बोलायचं आहे.

स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा शहर, साल १८९४. तिथल्या विद्यापीठात तिओदोर फ्लुर्न्वा नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या काळी युरोपात मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांचं मोठं वेड होतं. फ्लुर्न्वांना अशाच एका बैठकीचं आमंत्रण आलं. बैठकीची नायिका एका मोठ्या दुकानात नोकरी करणारी तिशीतली बाई होती. पुस्तकात फ्लुर्न्वांनी तिला एलेन स्मिथ असं टोपणनाव दिलं, आणि जग तिला त्याच नावाने ओळखतं. या बैठकांचे ती पैसे घेत नसे. दिवसा चोख नोकरी करी आणि संध्याकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात डोळे मिटून बसे.

डोळे मिटले की तिच्यातून दुसरेच कुणी बोलू लागत. एक होता लिओपोल्ड. त्याचा आवाज जाड, त्याचं अक्षर वेगळं, आणि अठराव्या शतकातला गूढविद्येचा गाजलेला उस्ताद कॅलियोस्त्रो तो आपणच, असा त्याचा दावा. हा लिओपोल्ड एलेनला सल्ले देई, धोक्याची सूचना देई, प्रकृतीची काळजी घेई. त्याचं मूळ शोधताना फ्लुर्न्वा तिच्या बालपणापर्यंत गेले. दहा वर्षांची असताना तिच्या अंगावर एक मोठा कुत्रा धावून आला होता. तेव्हा लांब झगा घातलेला एक माणूस कुठूनसा आला आणि त्याने कुत्र्याला हाकललं. आपल्याला वाचवणारा तो लिओपोल्डच होता, असं ती मानत असे. भेदरलेल्या लहान मुलीला जो रक्षणकर्ता हवा होता, तो तिच्या मनानेच तिला मिळवून दिला, असा फ्लुर्न्वांचा कयास होता.

याशिवाय एलेनला मागचे जन्म आठवत. एका जन्मी ती फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत होती. त्याही आधीच्या जन्मी ती सिमंदिनी होती. एका अरब सरदाराची मुलगी, हिंदुस्थानातल्या कानडा प्रांतात लग्न करून आलेली, शिवरुक नायक नावाच्या राजाची राणी. या राजाने १४०१ साली चंद्रगिरी नावाचा किल्ला बांधला, आणि तो वारल्यावर सिमंदिनी त्याच्या चितेवर सती गेली, अशी ती कथा. एलेन जमिनीवर बसून काल्पनिक माकडाशी खेळे, संस्कृतसारखं काहीतरी गाई, आणि त्या बोलण्यात चक्क गणपतीचं नाव येई. गंमत म्हणजे तो शिवरुक नायक या जन्मी कोण होऊन आला होता, तर समोर वही घेऊन बसलेले प्राध्यापक फ्लुर्न्वाच!

फ्लुर्न्वा हसले नाहीत, भारावलेही नाहीत. ते कामाला लागले. हिंदुस्थानच्या इतिहासाच्या जाणकारांना त्यांनी विचारलं. असा राजा कुणाला ठाऊक नव्हता. एक दिवस जिनिव्हातच त्यांना मार्लेस नावाच्या लेखकाचा १८२८ साली छापलेला हिंदुस्थानचा इतिहास मिळाला. त्यात कानडा होता, चंद्रगिरी होता, शिवरुक नायक होता आणि १४०१ हे सालही होतं. केरळातल्या कासरगोडजवळ चंद्रगिरी नावाचा किल्ला आजही उभा आहे, पण तो बांधल्याचं श्रेय सतराव्या शतकातल्या केळदीच्या शिवप्पा नायकाकडे जातं. मला आपलं वाटतं, हीच नावं फ्रेंच पुस्तकात शिरताना मोडली असावीत आणि साल अडीचशे वर्षांनी मागे गेलं असावं. तसं असेल तर सिमंदिनीच्या आठवणीत पुस्तकातली चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली होती.

तिच्या संस्कृतची तपासणी केली ती फेर्दिनां द सोस्यूर यांनी. आधुनिक भाषाविज्ञानाचे जनक म्हणून पुढे जगभर मान्यता पावलेले हे गृहस्थ तेव्हा जिनिव्हात संस्कृत शिकवत. त्यांचा निर्वाळा असा की हे संस्कृत नाही, पण अगदीच बडबडही नाही. काही तुकडे खरे आहेत, आणि संस्कृतात ओठ-दातांचा 'फ' नाही तसा तो या बोलण्यातही नाही. एलेन पुढे मंगळावर गेली आणि मंगळाची भाषा बोलू लागली. फ्लुर्न्वांनी दाखवून दिलं की त्या भाषेचे शब्द नवे आहेत, पण वाक्यरचना पुरती फ्रेंच आहे. एकदा पाहिलेलं किंवा ऐकलेलं, मग साफ विसरलेलं, आणि पुढे अनुभव होऊन वर आलेलं, अशा आठवणीला त्यांनी 'क्रिप्टोम्नेशिया' म्हटलं. आपण तिला लपलेली आठवण म्हणू. 'हिंदुस्थानातून मंगळ ग्रहाकडे' अशा अर्थाचं त्यांचं पुस्तक १९०० च्या उंबरठ्यावर आलं आणि गाजलं.

पुस्तक आल्यावर दोघांचे संबंध तुटले. एका श्रीमंत अमेरिकन बाईंनी एलेनला आर्थिक आधार दिला, तिने नोकरी सोडली आणि पुढे ती धार्मिक चित्रं काढत राहिली. १९२९ साली ती वारली. फ्लुर्न्वांचं बहुतेक सगळं बरोबर होतं. पण त्यांच्याच पुस्तकात एक साधी नोंद आहे. लहानपणी एलेनला आपण या घरातले नाहीच असं वाटे. आपण खरंच यांचीच मुलगी का, असं तिने विचारलंही होतं. राणीचा जन्म कुठून आला ते मार्लेसच्या पुस्तकाने सांगितलं. या मुलीला दुसरं घर का लागलं, ते त्या पुस्तकात सापडण्यासारखं नव्हतं.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. १९७४ साली तिथल्या एका उच्चशिक्षित मराठी स्त्रीच्या बाबतीत विलक्षण प्रकार घडला. ती मधूनमधून बंगाली बोलू लागली, बंगाली सुवासिनीसारखी साडी नेसू लागली, आपलं नाव शारदा सांगू लागली. शारदा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची होती, साप चावून तरुणपणी गेलेली होती. ती असे तेव्हा मराठी तिला कळत नसे, घरची माणसं तिला परकी वाटत. हे कधी एखादा दिवस चाले, कधी आठवडेच्या आठवडे. अमेरिकेतले पुनर्जन्माचे अभ्यासक इयान स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकारी सतवंत पसरिचा यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला, आणि मराठी मानसशास्त्रज्ञ वि. वि. अकोलकर यांनीही. शारदेने सांगितलेली काही नावं बंगालमधल्या एका घराण्याच्या वंशावळीत सापडली, यावर स्टीव्हन्सन यांचा भर होता. टीकाकारांनी आठवण करून दिली की या बाईंनी पूर्वी बंगाली वाचण्याचे थोडे धडे घेतले होते. आणि शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांत किती आपुलकीने वाचल्या गेल्या, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी स्वतः टीकाकारांच्या बाजूची आहे. मागच्या जन्मांचा पुरावा मला या प्रकरणात दिसत नाही. संमोहनाखाली 'मागचा जन्म' दाखवणाऱ्यांबद्दल तर मी अधिकच सावध आहे. कॅनडातल्या निकोलस स्पॅनोस या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह यावर प्रयोग केले आणि १९९१ साली ते प्रसिद्ध केले. संमोहनाआधी लोकांना जी कल्पना दिली, तसेच जन्म त्यांना आठवले. पूर्वीच्या काळी मुलांचे फार हाल होत असं ज्यांना आधी सांगितलं, त्यांच्या मागच्या जन्मी हाल जास्त निघाले. एकजण तर इसवी सन ५० मधला ज्यूलियस सीझर निघाला. खऱ्या सीझरचा खून त्याआधी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी झाला होता! आपल्याकडे २००९ साली हा खेळ दूरचित्रवाणीवर मालिका होऊन आला, आणि आजही त्याची शिबिरं भरतात. ज्याचं मन आधीच दुभंगलेलं आहे त्याला अशा शिबिरात नेणं म्हणजे जखमेत बोट घालणं.

मात्र धाकटीचा प्रश्न याने सुटत नाही.

आज जगात अनेक माणसं उघडपणे सांगतात, आम्ही एकाहून अधिक आहोत. स्वतःला ती 'प्लूरल' म्हणवतात आणि एका देहातल्या सगळ्यांना मिळून 'सिस्टिम' म्हणतात. कोण कधी पुढे यायचं, कुणी कशाची जबाबदारी घ्यायची, एकाची आठवण दुसऱ्याला कितपत कळते, याची प्रत्येकाची घडी निराळी. काहींच्या आत कादंबरीतलं, चित्रपटातलं किंवा कार्टूनमधलं पात्र राहत असतं आणि त्या गोष्टीतलं आयुष्य त्याला आपलं म्हणून आठवत असतं. मूळ गोष्टीत नसलेले प्रसंगही आठवतात. काहीजण त्याला खरोखरीचा पूर्वजन्म मानतात. पण पुष्कळांना गोष्ट कुठली, लेखक कोण, हे पक्कं ठाऊक असतं. पुस्तक फळीवर दिसत असतं, तरी हुंदका थांबत नाही.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेची नावं बदलली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९८० साली तिला 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हणत. १९९४ साली 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' हे नाव आलं. नाव बदलण्यामागे विचार होता. पूर्ण वाढलेली अनेक माणसं एका डोक्यात कोंबलेली आहेत असं नव्हे, तर एकसंध 'मी' घडायचाच राहून गेला आहे. बालपणी सोसलेले अत्याचार याच्या मुळाशी असतात, असं बरेच तज्ज्ञ मानतात. आपल्या समाजात कोणत्या कथा फिरतात त्यावर त्याचं रूप ठरतं, असं स्पॅनोससारखे म्हणतात. दोन्हींत तथ्य असावं असं मला वाटतं. शिवाय आपण अनेक आहोत असं म्हणणारा प्रत्येकजण आजारी असतो असंही नाही. आठवणींत मोठी भगदाडं पडत असतील, रोजचं जगणं अडत असेल, जिवाला धोका असेल, तर मात्र उपचार हवेत. सगळ्यांना मिळून एक करणं साधलं तर उत्तमच, पण अनेकांच्या बाबतीत आतल्यांचा आपापसात मेळ बसवणं हेच व्यवहार्य उद्दिष्ट ठरतं, हे या उपचारांतले जाणकारही मान्य करतात. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं असत. भिंती पाडून एकच घर करायलाच हवं असं नसे. नळाच्या वेळा ठरल्या, जिन्यातला दिवा कुणी लावायचा ते ठरलं, की वाडा सुखाने नांदे.

आपल्याकडे याला समजून घेण्याच्या वाटा दोनच. एक देवीची, दुसरी सिनेमाची. 'अंगात येणं' आपल्याला परकं नाही, आणि २०१३ सालच्या अमेरिकी यादीने तर संचारासारख्या अनुभवाचाही या निदानात उल्लेख केला. संचार झालेल्या बाईची ओटी भरतात. बाधा झाली म्हटलं की त्याच बाईला झोडपतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे घरोघरी ठाऊक असायला हवं. सिनेमाची वाट 'अपरिचित' आणि २००७ चा 'भूलभुलैया' यांनी रुंद केली. आतलं दुसरं माणूस म्हणजे खून करणारच, ही समजूत तिथून पक्की झाली. मी पाहिलेली थोरली भाड्याच्या पावत्या जपून ठेवायची, एवढंच तिचं भयंकर रूप.

घरात असं कुणी असेल तर काय करावं, असं मला विचारतात. घाबरू नये. परीक्षा घेऊ नये. 'आता दुसरीला बोलाव बघू' असा खेळ तर मुळीच करू नये. मांत्रिकाकडे नेऊ नये. मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. पहिलं पाऊल म्हणून केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावता येतो, तिथे मराठीतून बोलता येतं. आणि समोर जी कुणी बोलत असेल, तिचं म्हणणं आधी पुरतं ऐकून घ्यावं.

हे शेवटचं मी उशिरा शिकले. ती मुलगी मला बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटली. स्वतः येऊन ओळख दिली, वाकून नमस्कार केला. नोकरी चांगली चालली होती, उपचारही झाले होते. जेवणाच्या पंगतीला अवकाश होता म्हणून आम्ही मांडवाबाहेर खुर्च्या टाकून बसलो. मीच विषय काढला. म्हटलं, "त्या दिवशी मी ते पुस्तक तुझ्यासमोर ठेवलं, ते चुकलंच माझं."

ती हसली. म्हणाली, "मॅडम, पुस्तक तुम्ही बरोबर शोधलं होतंत. आम्हाला ते आधीपासून माहीत होतं. आजोळी माळ्यावर होतं. घरात आरडाओरडा सुरू झाला की आम्ही तिथे जाऊन बसायचो. तुम्ही विचाराल, माळ्यावर का जायचात, असं वाटलं होतं."

मला काय बोलावं ते सुचेना. थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि धाकटी?"

"आहे की. गेल्या वर्षी तिला रत्नागिरीला नेलं. दीपगृह दाखवलं. म्हणाली, आपलं याहून उंच होतं."

तेवढ्यात पंगतीची हाक आली.